डाव्या हाताचा पेन

अकोल्याहून पेन घ्यायला सातारा-सांगलीला जाऊन आलो, असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो. मग विचारतो, "म्हणजे, लिहायचा पेन?" हो, लिहायचाच. शाईचा, सोन्याच्या निबेचा, आणि दुकानात स्वतः जाऊन, हातात धरून, चार ओळी लिहून घ्यायचा. चप्पल आणि पेन या दोन वस्तू घरबसल्या फोनवरून मागवू नयेत असं माझं ठाम मत आहे. दोन्ही चावतात.

तसे निघालो होतो सुट्टी म्हणून. मी सरकारी रुग्णालयातून सिस्टर इन्चार्ज म्हणून निवृत्त झाले. माझा नवरा प्रकाश त्याच्या दोन वर्षं आधी एसटीच्या वर्कशॉपमधून हेड मेकॅनिक म्हणून सुटला होता. नर्सिंगच्या होस्टेलातली माझी मैत्रीण सुनंदा रहिमतपूरला असते. दर दिवाळीला ती फोनवर "नलू, कवा येतीस?" विचारायची आणि मी "येते, येते" म्हणायची. या ऑक्टोबरात शेवटी गेलो.

पेनाचं कारण माझ्या मनगटात होतं. चौतीस वर्षं वॉर्डातले तक्ते भरून उजव्या मनगटातली नस दबली. ऑपरेशन झालं, दुखणं गेलं, पण अंगठ्यात जोर काही परत आला नाही. दहा ओळी लिहिल्या की बोटांना मुंग्या येतात. हात पट्टीत होता तेव्हा गंमत म्हणून किराण्याची यादी डाव्या हाताने लिहायला घेतली, तर हात वळला. वळणारच. मी जन्माची डावखुरी. पहिलीत गुरुजींनी डावा हात मांडीखाली दाबून बसायला लावलं, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मी 'सुधारले', आणि नंतर ती गोष्ट घरातले सगळे विसरले. मीही.

वॉर्डात जे पाहिलं ते लिहून काढायचं माझ्या फार दिवसांपासून मनात आहे. उजवा हात आता तेवढं लिहू देणार नव्हता. मग डाव्यालाच शिकवायचं ठरवलं, आणि साठीला टेकल्यावर शिकायचंच तर चांगल्या पेनाने शिकावं, असंही ठरवलं. आयुष्यात माझ्या एकटीसाठी महाग वस्तू मी घेतली नव्हती. किंमत मात्र इथं लिहीत नाही. मुलगी हे वाचणार आहे.

सातारा

सातारचं स्टेशन गावापासून चांगलंच लांब आहे. रिक्षावाल्याने वाटेत अजिंक्यतारा दाखवला, कुठली मिसळ खावी ते सांगितलं, कुठली खाऊ नये तेही सांगितलं, आणि उतरताना "पेढं घेतल्याबिगर जाऊ नगा" असा दम भरला. आमच्या वऱ्हाडात माणूस प्रेमात आला की आवाज लांबवतो. इथं प्रेमात आला की दम देतो. दोन दिवसांत कानाला सवय झाली.

पहिल्या सकाळी कासच्या पठारावर गेलो. फुलं ओसरत आली होती. तरी धुक्यात मधूनच जांभळा पट्टा दिसायचा आणि पुन्हा पुसला जायचा. वाऱ्याने प्रकाशची टोपी उडवली ती थेट कुंपणापलीकडे, फुलांत. तो कुंपणावरून वाकून बघत राहिला. तिथल्या रखवालदाराने लांब काठीने टोपी उचलून दिली आणि म्हणाला, "काका, लोक फुलं बघाय येत्यात, तुमी टोपी लावाय आलाय व्हय?" प्रकाश दिवसभर हे वाक्य स्वतःशीच म्हणून हसत होता.

दुपारी पेनाच्या दुकानात गेलो. राजपथावरचं हे दुकान पुढून साधं होतं. शाळेच्या वह्या, कंपासपेट्या, रंगीत कागद. पण आत एक काचेचं कपाट होतं आणि त्यात मखमलीवर पेन झोपवून ठेवले होते. दुकानदार पांढऱ्या शर्टातले, सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ. चष्मा दोरीने गळ्यात. आमच्याकडे दुकानदार आधी विचारतो, "केवढ्यापर्यंत दाखवू?" यांनी विचारलं, "काय लिहिता?"

"आठवणी," म्हटलं.

"मग जरा वजनाचा लागेल," ते म्हणाले. "आठवणी हळू लिहितात लोक."

त्यांनी एक जर्मन बनावटीचा पेन काढला. रंग पिकलेल्या जांभळाचा, टोपणावर बारीक सोनेरी कडं, निब सोन्याची. तो हातात आला आणि मी दुसरा बघितलाच नाही. उजव्या हाताने माझं नाव लिहिलं. निब कागदावरून अशी गेली की मला वाटलं, इंजेक्शनची नवी सुई अशीच जाते, पेशंटला कळतसुद्धा नाही.

"घेऊन टाक," प्रकाश म्हणाला.

मी पेन डाव्या हातात घेतला. पहिलं अक्षर जमलं. दुसऱ्यावर निब कागदात रुतली, कुरकुरली, आणि मी जोर दिल्यावर शाईचा ठिपका उडाला. ओळ संपेपर्यंत माझ्या तळहाताची कड निळी झाली होती आणि ओळीचा अर्धा भाग तिने पुसून नेला होता.

दुकानदारांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "डाव्या हातानं लिहिणार?"

"हो."

"मग हा घेऊ नका."

"सवयीने जमेल की."

"बाई, हा विकला तर माझा आनंदच आहे. कपाटात दोन वर्षं पडून आहे. पण उजव्या हाताचा माणूस निब ओढत नेतो आणि डाव्या हाताचा ढकलत नेतो. ही निब ढकलायची नाही. महिन्याभरात तुम्ही तो ठेवून द्याल आणि लिहायचंही सोडाल." त्यांनी पेन फडक्याने पुसून पुन्हा मखमलीवर ठेवला. मग एका चिठ्ठीवर पत्ता लिहिला. "सांगलीला खणभागात अन्वरभाई म्हणून आहेत. पेन स्वतः घडवतात. निब घासायचं काम त्यांची मुलगी करते, शमीम. हाताप्रमाणे घासून देते. तिच्याकडे जा."

एवढी महाग वस्तू विकायला नकार देणारा दुकानदार मी पहिल्यांदाच बघितला. निळ्या हाताने कंदी पेढे घेतले, निळ्या हातानेच खाल्ले, आणि संध्याकाळच्या गाडीने रहिमतपूरला गेलो.

रहिमतपूर

सुनंदाचा नवरा विलासराव फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. ऊस, दोन म्हशी, आणि अजूनही पहाटे पाचला उठून स्वतःचा बिछाना चादरीला सुरकुती न ठेवता आवरणारा माणूस. फौजेच्या इस्पितळात नर्सना म्हणायची सवय म्हणून ते मलाही 'सिस्टर' म्हणतात. स्वतःच्या बायकोलासुद्धा कधीकधी म्हणतात. ती रागावली की खास.

सुनंदाने जेवायला वाघ्या घेवड्याची आमटी केली होती. हा घेवडा कोरेगाव भागातला, दाण्यावर वाघाच्या अंगासारखे पट्टे, शिजल्यावर लोण्यासारखा मऊ. सोबत भाकरी, ताक आणि आम्ही ज्याला ठेचा म्हणतो तो खर्डा. वऱ्हाडच्या तिखटाचा मला अभिमान आहे. तो त्या खर्ड्याने दुसऱ्या घासाला उतरवला. विलासराव मिशीतल्या मिशीत हसले आणि त्यांनी माझ्या ताटात आणखी एक चमचा वाढला.

जेवताना पेनाचा विषय निघाला.

"प्यान घ्यायला सांगलीला?" विलासराव थांबले. "सिस्टर, धा रुपयाचं प्यान लिवत न्हाई व्हय?"

"आवं, तिला शाईचं पायजे," सुनंदा म्हणाली. "आनि डाव्या हाताचं."

"रायफल डाव्या हातानं चालवणारी आमच्याकडं हुती दोघं. दोघंबी नेमबाज." ते विचारात पडले. "पर त्यांची रायफल तीच हुती. येगळी न्हवती दिली कुनी."

"म्हणून रिकामं काडतूस तोंडावर उडायचं त्यांच्या," प्रकाश म्हणाला. तो फौजेत नव्हता, पण यंत्र कुठल्या बाजूने काय बाहेर टाकतं हे त्याला न बघता कळतं.

विलासरावांनी हातातला घास ताटात ठेवला. "उडायचं खरं," ते म्हणाले. "उद्या गाडी काढतो."

सांगलीकडे

दुसऱ्या दिवशी सुनंदा म्हशींसाठी घरी राहिली आणि आम्ही तिघं निघालो. दोन्ही बाजूंना ऊस. आमच्याकडे या दिवसांत कापूस पांढरा व्हायला लागतो आणि नजर लांबवर जाते. इथं ऊस नजर अडवतो, रस्ता गल्लीसारखा होतो. मधे एखादं वळण आलं की अचानक एखादं गाव, पाण्याची टाकी, कोपऱ्यावर चहा. चहाच्या टपरीवर "घेणार का" असं कुणी विचारत नाही. कप समोर ठेवतात आणि मग चौकशी करतात, कुठलं गाव, कुणाकडं.

कुंडल आलं तेव्हा विलासरावांनी गाडीचा वेग वाढवला. तिथं त्यांची बहीण राहते. "आता थांबलो तर जेवल्याबिगर सोडायची न्हाई," ते म्हणाले. "तुमास्नी सांगलीत सोडतो आनि मुकाट्यानं मागं येतो. उद्याच्याला संध्याकाळी घ्यायला येतो." तसंच केलं.

अन्वरभाईंचं घर खणभागात एका अरुंद बोळात. खाली कारखाना, वर राहणं. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, एक लेथ, आणि जळक्या रबराचा वास. पेनाची नळी ज्याची करतात ते एबोनाइट म्हणजे कडक केलेलं रबरच. लेथवर त्याच्या काळ्या-तांबड्या फिती सुटून जमिनीवर पडत होत्या. अन्वरभाई मूळचे मिरजेचे. त्यांच्या घराण्यात सतारीच्या खुंट्या कातायचं काम होतं. त्यांनी तरुणपणी हौस म्हणून एक पेन कातला, तो कुणीतरी विकत घेतला, आणि खुंट्या मागे पडल्या.

प्रकाशला लेथ दिसली आणि तो माझा उरलाच नाही. "किती फेरे देता?" इथपासून सुरुवात झाली. अन्वरभाईंनी एक स्टूल ओढून दिलं आणि म्हणाले, "बसा पावणं, हात लावून बघा." पुढचे दोन तास दोघांची डोकी लेथवर वाकलेली होती.

शमीम खिडकीपाशी बसते. चाळिशीची, डोक्यावर ओढणी, उजव्या डोळ्याला घड्याळजी लावतात तसलं भिंग. तिच्यासमोर दोन गिऱ्हाईकं होती. एक वकील आणि एक कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक. प्राध्यापक आपला दुरुस्त केलेला पेन तपासत होते. त्यांचं अक्षर बघून मी जागच्या जागी उभी राहिले. छापल्यासारखं, आणि तरी जिवंत.

माझी पाळी आली. मी लाल एबोनाइटची नळी पसंत केली, जवळजवळ डाळिंबाच्या दाण्याचा रंग. सोन्याची निब हवी म्हटलं. शमीमने डबी उघडली. तिच्याकडे त्या मापाची सोन्याची एकच निब उरली होती. तिने एक साधा पेन आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "मावशी, नेहमी लिवता तसं लिवा. मला हात बघायचाय."

प्राध्यापक आणि वकील बाजूलाच उभे होते, घाई नसलेल्या माणसांसारखे. आता इथं मला जे झालं ते सांगायला अजूनही कसंतरी वाटतं. चौतीस वर्षं डॉक्टर माझ्या तक्त्यांचं अक्षर दाखवून नवीन मुलींना सांगायचे, असं लिहा. माझ्या डाव्या हाताचं अक्षर पहिलीतल्या पोराचं. त्या प्राध्यापकांच्या ओळीखाली ते काढायचं? माझा उजवा हात आपोआप पुढे झाला आणि त्याने पेन उचलला. पाच-सहा ओळी लिहिल्या. प्राध्यापक म्हणाले, "वा, काय वळण आहे!" आणि मला बरं वाटलं.

शमीम माझ्या बोटांकडे बघत होती. "ह्याच हातानं लिवता न्हवं?"

"हो."

"पक्कं? मी निब ह्या हाताच्या कलानं घासनार."

"हो गं," मी म्हटलं.

तिने माझ्या बोटांचा फोटो घेतला, कागद जपून ठेवला, आणि उद्या दुपारी या म्हणाली.

हरिपूर

रात्री सांगलीच्या लॉजवर मला झोप चांगली लागली, हे नमूद करते. लाज उशिरा येते. ती आली दुसऱ्या दिवशी सकाळी, हरिपूरला, संगमावर. चिंचेच्या झाडांखालून जाणारा रस्ता, देऊळ, खाली घाट, आणि समोर कृष्णेला वारणा मिळते. दोन पाण्यांचे दोन रंग काही अंतर शेजारी शेजारी वाहतात. आम्ही पायरीवर बसून भडंग खात होतो. कुरमुऱ्यांना एवढा मान देणारं गाव दुसरं नसेल. लसूण, कढीपत्ता, शेंगदाणे, आणि शेवटी बोटं चाटताना लागणारा तिखटाचा चटका.

प्रकाश म्हणाला, "मला एक सांग. ती निब डाव्या हातासाठी नेमकी कुठून घासते? मला बघायचं होतं, पण मी लेथपाशी अडकलो."

मी भडंगाचा पुडा बंद केला. "मी उजव्या हाताने लिहून दाखवलं."

"का?"

"ते प्राध्यापक बघत होते."

मला वाटलं तो हसेल. तो उठला. "किती वाजले? दुपारी देणार म्हणाली ना? मग अजून घासली नसेल. ऊठ." घाटाच्या पायऱ्या तो दोन-दोन करून चढला. रिक्षा मिळेना. मिळाली ती एका सायकल-दुकानवाल्याच्या ओळखीने, आणि तिच्यात आधीच कोंबड्यांची एक डाल होती. कोंबड्या, प्रकाश, मी आणि भडंग असे खणभागात पोचलो.

शमीमने भिंग डोळ्यावरून वर सरकवलं. "लवकर आलात? तरी झालंच की. अर्धा तास झाला."

पेन कागदावर ठेवलेला होता. डाळिंबी, गुळगुळीत, सोन्याच्या निबेवर खिडकीचा उजेड. इतका सुंदर की बोलायला तोंड उघडेना. पण बोलले. सगळं. गुरुजींपासून प्राध्यापकांपर्यंत.

तिने ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही, तो चढवला असता तर बरं झालं असतं. "मी दोनदा इचारलं, मावशी."

"विचारलंस."

"सकाळी सहापासनं बसलीय मी ह्याच्यावर. निबेच्या टोकाला बारीक मणी असतो, कठीण धातूचा. त्यो एकदा ह्या अंगाला घासला की परत येत न्हाई. आता दुसऱ्या अंगाला घासाय गेले तर मणीच संपंल."

"चूक माझी आहे. ही निब मी घेणारच, तुझं काम वाया नाही..."

"पैशाचं न्हाई म्हणत मी," ती म्हणाली. "मी त्या फोटोतला हात बघून घासलं. त्यो तुमचा हातच न्हवता."

अन्वरभाईंनी लेथ थांबवली. खोलीत फक्त वरच्या मजल्यावर कुणीतरी मसाला वाटत होतं त्याचा आवाज. "शम्मो," ते मुलीला म्हणाले, "स्टीलची निब बसव ताईंना. ती डबी काढ." मग माझ्याकडे वळले. "सोनं न्हाई मिळणार आता. पर लिवंल ती. चालंल?"

सोन्याच्या निबेसाठी एवढ्या लांब आले होते. पण त्या खोलीत त्या क्षणी मला सोन्याचं काही पडलं नव्हतं. "चालेल," म्हटलं.

शमीमने स्टीलची निब लावली, ड्रॉपरने शाई भरली, कागद ठेवला आणि दाराकडे बघितलं. या वेळी कुणी बघणारं नको, हे मी समजले. तिने उठून दार लोटून घेतलं.

मी डाव्या हातात पेन धरला. 'नलिनी' लिहिलं. अक्षरं वाकडी, पण आली. वरची रेघ ओढायला गेले आणि निब पुन्हा कुरकुरली. डावीकडून उजवीकडे रेघ म्हणजे डाव्या हाताला सगळा वेळ ढकलणंच.

"थांबा," शमीम म्हणाली. भिंग खाली आलं. ती आता माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हती, फक्त निबेकडे. "अक्षरं जातात. रेघेला अडतीया. लहानपणी रेघ कशी काढायचा?"

मला आठवावं लागलं नाही. हाताला आठवलं. "उजवीकडून. डावीकडे आणायची. गुरुजी त्यालाच मारायचे. उलटी रेघ म्हणायचे."

"मग काढा की उलटी. शब्द झाल्यावर रेघ कुठनं निघाली, कोन इचारतंय?"

काढली. उजवीकडून डावीकडे, एका दमात. शाई अडली नाही. मी पुन्हा लिहिलं, पुन्हा रेघ काढली. शमीमने माझ्यापुढचा कागद थोडा फिरवून तिरका केला, त्यामुळे हात ओल्या शाईच्या खाली राहायला लागला आणि पुसणं थांबलं. मग तिने निब काढून बारीक पॉलिशच्या कागदावर चार-पाच वेळा इंग्रजी आठाच्या आकड्यात फिरवली, भिंगातून बघितली, परत लावली. "लिवा." मी लिहिलं. पुन्हा काढली, पुन्हा घासली. "लिवा." असं किती वेळा झालं मोजलं नाही. वरून शमीमच्या आईने चहा पाठवला, तो गार झाला, पुन्हा गरम होऊन आला.

काय लिहायचं ते संपल्यावर मी वॉर्ड नंबर तीनमधल्या एका आजीबद्दल लिहायला लागले. रोज सकाळी मी तिचं तापमान बघायला गेले की ती आधी माझ्या कपाळाला हात लावून बघायची. अर्धं पान झालं तेव्हा लक्षात आलं, निबेचा आवाज कधीचा बंद झालाय.

प्रकाश मागे उभा राहून वाचत होता. "हे मला कधी सांगितलं नाहीस तू," तो म्हणाला.

शमीमने पेन पुसून माझ्या हातात दिला. "ह्यो हात खोटं न्हाई बोलायचा," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली. सोन्याची निब तिने छोट्या डबीत घालून दिली. ती घरी माझ्या कपाटात आहे, थर्मामीटरच्या शेजारी. कधीकधी उघडून बघते. वाईट वाटतं, नाही असं नाही.

संध्याकाळी विलासराव आले. बहिणीने गाडीची डिकी गूळ आणि कोथिंबिरीने भरली होती. त्यांनी माझा नवा पेन मागितला, उलटसुलट फिरवून बघितला, आणि उजव्या हाताने पेट्रोलच्या पावतीवर रेघ मारून बघितली. कुरकुर.

"लिवत न्हाई की वं," ते म्हणाले.

"तुमच्यासाठी नाहीच तो," मी म्हटलं.

अकोला

परत येऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. रोज एक पान चाललं होतं. अक्षर पहिलीतून तिसरी-चौथीत गेलं होतं. नोव्हेंबर लागला तसं निवृत्तिवेतनाच्या कामासाठी बँकेत जावं लागलं. दरवर्षी या महिन्यात पेन्शनर माणसाने आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायचा असतो. रांग मोठी होती, सगळे जिवंत लोक आपापसात गुडघ्यांबद्दल बोलत होते. खिडकीपलीकडे तरुण अधिकारी बाई होत्या. मी फॉर्मवर सही केली आणि पुढे सरकवला.

त्यांनी संगणकाकडे बघितलं, फॉर्मकडे बघितलं, पुन्हा संगणकाकडे. "मॅडम, ही सही तुमची नाही."

"माझीच आहे. आत्ता तुमच्यासमोर केली."

"पण जुळत नाही ना. आधीसारखी करून द्या, एवढं काय."

एक सही उजव्या हाताने मला सहज करता आली असती. त्या हाताचं दुखणं दहा ओळींनंतरचं आहे, एका सहीचं नाही. मागे रांगेत कुणीतरी घसा खाकरला. प्रकाश बाजूला उभा होता. तो माझ्या हाताकडे बघत राहिला.

"सही बदलायचा अर्ज असतो का?" मी विचारलं.

असतो. त्यांनी ड्रॉवरमधून काढून दिला. बाजूच्या बाकावर बसून मी कागद तिरका केला आणि भरला. नाव, पत्ता, नव्या सहीचे तीन नमुने. खाली एक रकाना होता, सही बदलण्याचे कारण. मी लिहिलं, 'हात बदलला.'

अधिकारी बाईंनी तो रकाना वाचला आणि माझ्या हाताकडे बघितलं. अर्ज बाजूला ठेवून माझा पहिला फॉर्म पुन्हा पुढे ओढला. त्यावर तळाशी छापलेलं होतं की वरील व्यक्ती आज माझ्यासमोर हजर असून हयात आहे. त्यांनी मान वर करून माझ्याकडे एकदा नीट पाहून घेतलं, आणि त्याखाली सही केली.